शिवार फेरी ते ग्रामसभा: सिन्नरच्या पूर्व भागातल्या पाणी-नियोजनाच्या नोंदी

6 नोव्हेंबर 2023

31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिक जिल्ह्यातले सिन्नर, येवला आणि मालेगाव त्यात आहेत. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या बिलात 33.5 टक्के सवलत, गरज असेल तिथे टँकर अशी यादी आली आहे. यातली प्रत्येक गोष्ट गावाला वरून मिळणार आहे. गावासोबत पाणी-नियोजन करायला बाहेरून आलेल्या आम्हा मंडळींचं काम दुसऱ्या टोकाचं: उरलेलं पाणी किती आणि ते कशाला वापरायचं, हे गावाने स्वतः मोजावं आणि स्वतः ठरवावं.

दिवाळी आठवड्यावर आहे, म्हणून बैठक लावली नाही. नुसतं फिरून आलो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एका जुन्या योजनेचा नकाशा रंगवलेला आहे. त्यातला अर्धा पोपडे धरून गळालाय. पारावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "मागं आले होते त्यांनी बी आमच्याकडून नकाशा काढून घेतला. फोटो काढले, कागद गुंडाळून नेला. तो कुठाय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते काम करणारी मंडळी वेगळी होती. पण प्रश्न डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. आमच्या कामाची कसोटी मी याच प्रश्नावर लावणार आहे. लोकांनी दिलेली माहिती शेवटी कोणाच्या कपाटात जाते?

21 नोव्हेंबर 2023

शिवार फेरी. सकाळी सातला माथ्यावरून निघालो, ओढ्याच्या कडेने खाली आलो. सरपंचताई, दोन पंच, विहीर खोदणारे एक काका, मेंढरं राखणारे एक बाबा आणि चार-पाच तरुण. बायका दोनच होत्या, कारण या वेळेला स्वयंपाक आणि दूध.

शिवार फेरीची ताकद अशी की बैठकीत जो माणूस मागच्या रांगेत बसतो, तो इथे पुढे चालतो. मेंढपाळ बाबा बैठकीत बोलले नसते. माळावर मात्र त्यांनीच सगळ्यांना थांबवून दाखवलं की पाऊस झाल्यावर पाणी कुठे थांबतं, कुठून सरळ निघून जातं, कोणत्या खळग्यात गवत जानेवारीपर्यंत हिरवं असतं. विहीर खोदणाऱ्या काकांनी ओढ्याच्या तुटलेल्या काठावर थर मोजून दाखवले. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (बारीक भोकांचा खडक), त्याखाली काळा पाषाण. "पाणी मांजऱ्यात धरतं. काळ्यात फट असंल तरच." भूजलशास्त्राचा आलेख दाखवून हे समजवायला जेवढा वेळ गेला असता, त्याच्या पावपट वेळात पोरांना कळलं की दोनशे मीटर अंतरावरच्या दोन विहिरींची पाणीपातळी वेगळी का असते.

एका जुन्या मातीबांधात गाळ एवढा साचलाय की पोरं त्यात क्रिकेट खेळतात. बांध कोणाच्या काळातला यावर अर्धा तास वाद झाला. मी तो थांबवला नाही. बांधाच्या देखभालीची जबाबदारी कोणावर होती, हे त्या वादातूनच बाहेर आलं: कोणावरच नव्हती.

फेरीत ज्यांच्या शेतातून गेलो त्यांना शेतातच विचारत होतो. शेजारच्या संगमनेर तालुक्यात दरेवाडीसारख्या गावांत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात हीच पद्धत पुढे नेली होती. गट नंबरवार नियोजन, आणि तेही नवरा-बायको दोघांना त्यांच्याच बांधावर उभं करून. कागदावर आखलेला समतल चर (उताराला आडवा खणलेला चर) शेतकऱ्याला परका वाटतो. त्याने स्वतःच्या पायांनी दाखवलेली रेघ तो पुढच्या वर्षी नांगरून टाकत नाही.

27 नोव्हेंबर 2023

काल अवकाळी. निफाडकडे गारपिटीने द्राक्षबागा गेल्या, इकडे रोपातला कांदा लोळला. आजची बैठक रद्द. पंचनाम्यासाठी लोक तलाठ्याच्या मागे आहेत आणि ते बरोबरच आहे.

3 डिसेंबर 2023

रविवार. मंदिरापुढच्या मोकळ्या जागेत जमिनीवर गावनकाशा. साहित्य: चुना, वीटकरीचा चुरा, पालापाचोळा, खडे, चिंचोके, थोडी रांगोळी.

गावाची माहिती गावानेच मांडायची ही पद्धत ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आणि इतरांनी जगापुढे मांडली, आपल्याकडे 1980 च्या दशकाच्या शेवटी कर्नाटक-गुजरातेतल्या संस्थांनी ती गावोगाव वापरून घडवली. तिचा गाभा एवढाच आहे की बाहेरच्या माणसाने हातातली काठी गावाला द्यायची आणि परत मागायची नाही. पण काठी गावाला दिली म्हणजे गावातल्या सगळ्यांना मिळाली असं होत नाही. आज ती पहिल्या मिनिटाला एका मोठ्या बागायतदारांच्या हातात गेली. माणूस चांगला आहे, जाणकार आहे. त्यांनी भराभर रस्ते, बंधारा, विहिरी, बोअर, कोणाची मोटर किती हॉर्सपॉवरची, सगळं मांडलं. बाकीचे हात बांधून बघत राहिले.

अशा वेळी त्यांना थांबवणं म्हणजे चारचौघांत अपमान. म्हणून त्यांना बाजूला नेऊन म्हटलं, "दादा, बोअरच्या खोलीची माहिती तुम्हालाच आहे, जरा लिहून देता का?" ते लिहायला बसले. जमिनीवर पोरांनी आणि दोन म्हाताऱ्यांनी काम पुढे नेलं.

तासाभराने नकाशा पूर्ण झाला असं सगळ्यांनी ठरवलं. मग अंगणवाडीताई म्हणाल्या, "आणि ओढ्यापलीकडची वस्ती?" आदिवासी वस्तीची घरं नकाशात नव्हती. मुद्दाम वगळली असंही नाही. रस्ता जिथे संपतो तिथे नकाशा संपला होता. वस्तीतलं कोणी आलेलंही नव्हतं, कारण रविवार असला तरी सगळे कांदा लागवडीच्या टोळीत होते. ताईंनीच वीटकरीच्या चुऱ्याने घरं मांडली, आणि पाणी कुठून आणतात ती वाटही. ती वाट बागायतदार दादांच्या विहिरीपर्यंत जाते. ते पाहून दादा म्हणाले, "हो, माझ्याच विहिरीवर येत्यात. कधी नाही म्हटलं नाही." मोटर चालू असेल तरच पाणी मिळतं, एवढं ताईंनी हळूच जोडलं.

नकाशाच्या दोन प्रती कागदावर उतरवल्या. एक ग्रामपंचायतीत, एक अंगणवाडीत. आम्ही फक्त फोटो ठेवला.

9 डिसेंबर 2023

परवा रात्री केंद्राने कांदा निर्यातबंदी केली. काल लासलगावला लिलाव बंद पडले. गावात दुसरा विषय नाही. आज पाण्यावर बोलायला जाणं मला योग्य वाटलं नाही. लोकांसोबत बसलो, ऐकलं. ज्या पिकाला सगळ्यात जास्त पाणी जातं त्याचा भाव एका रात्रीत दिल्लीत ठरतो, आणि पाणी मात्र गावाने जपून वापरायचं असतं. हा प्रश्न पाण्याच्या ताळेबंदाच्या दिवशी, म्हणजे पाणी किती आणि लागतं किती याचा हिशेब मांडू तेव्हा, कोणी ना कोणी विचारणार, आणि तो रास्त आहे.

17 डिसेंबर 2023

बायकांची बैठक. वेळ त्यांनी ठरवली: रात्री आठ, अंगणवाडीत. दिवसभर कांदा लागवड. संध्याकाळी चूल. आठच्या आधी कोणी मोकळं नाही. दुपारी तीनला बैठक ठेवून "महिलांचा प्रतिसाद कमी" असं लिहिणारे अहवाल मी पुष्कळ वाचलेत. तीन वाजता त्या बाया कोणाच्या तरी वावरात वाकलेल्या असतात, एवढं कोणीतरी त्या अहवालात लिहायला हवं होतं. वस्तीवरच्या बाया आल्या, कारण अंगणवाडीताई स्वतः बॅटरी घेऊन आणायला गेल्या.

चिंचोक्यांनी प्राधान्यक्रम काढला. जमिनीवर चौकटी आखल्या आणि गावाची पाण्याची गरज कशाकशासाठी आहे त्याची चित्रं ठेवली. हंडा, गाय, कांद्याचं रोप, शाळा, चारा. प्रत्येकीला सारखेच चिंचोके. जिला जे महत्त्वाचं वाटेल तिथे जास्त ठेवायचे. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, उठून बोलण्याची गरज नाही, आणि सासू समोर असली तरी सुनेचा चिंचोका सुनेचाच.

हंडा आणि गाय जवळजवळ बरोबरीने आले. हे मला अपेक्षित नव्हतं, पण त्यांनी समजावलं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो आणि किराणा त्यावर चालतो. कांद्याचा पैसा येईल तेव्हा येईल, आणि तो घरधन्याच्या खात्यावर. गाईचं पाणी तुटलं तर घर चालत नाही.

मग विषय टँकरचा. टँकर आला तर सकाळी दहा-अकराला येतो. त्या वेळी लागवडीची टोळी गेलेली असते. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांचं पाणी भरलं जातं, ज्यांच्या घरी नाही त्यांना त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. टँकर किती, हा प्रश्न पुरुषांच्या बैठकीत आला होता. टँकर किती वाजता, हा इथे आला. उपाय साधा आहे: प्लास्टिकच्या टाक्या ठेवून त्यात पाणी उतरवायचं आणि संध्याकाळी वाटायचं. ठराव महिला सभेतून पाठवायचं ठरलं.

7 जानेवारी 2024

पाण्याचा ताळेबंद. खरं तर हा रब्बीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये मांडायचा असतो. हिवरे बाजारला पावसाळा संपला की गाव बसतं आणि त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची ते पाण्याच्या हिशेबावर ठरवतं. इथे पेरण्या होऊन गेल्यात. तरीही उन्हाळ कांद्याची बरीच लागवड अजून चालू आहे, म्हणून आजचा हिशेब वाया जाणार नाही.

जागा बदलली. मंदिराऐवजी दूध संकलन केंद्र, संध्याकाळच्या दुधाची वेळ. सगळ्या जातींची, सगळ्या आळ्यांची माणसं दिवसातून दोनदा इथे येतातच. कॅन रिकामा झाला की माणूस पाच मिनिटं थांबतो. आज ती पाच मिनिटं दोन तासांवर गेली.

फळ्यावर हिशेब गावातल्याच एका बीएस्सीच्या मुलीने केला. आम्ही फक्त सूत्र दिलं: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. समजायला सोपं म्हणून शंभर हेक्टरचा तुकडा धरला. 300 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर 30 कोटी लिटर पाणी पडतं. आकडा ऐकून लोक हसले. एवढं पाणी? मग वजाबाकी. बरंच उडून जातं, बरंच मातीत आणि पिकात राहतं, उतारावरचं वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात विहिरीपर्यंत पाझरतं ते ढोबळमानाने दहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे 3 कोटी लिटर.

आता खर्च. माणशी रोज 55 लिटर धरलं तर हजार माणसांना वर्षाला 2 कोटी लिटर. संकरित दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर. ही बाजू मांडून झाल्यावर शेतीकडे आलो. एक एकराला दोन इंच उंचीचं एक पाणी म्हणजे साधारण 2 लाख लिटर. उन्हाळ कांद्याला दहा-बारा पाळ्या, म्हणजे एकरी 20 ते 24 लाख लिटर. हरभऱ्याला दोन पाळ्या, म्हणजे 4 लाख.

मुलीने फळ्यावर शेवटची ओळ लिहिली. शंभर हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर. त्यावर पाझरलेल्या 3 कोटी लिटरमध्ये, प्यायला एक थेंब न ठेवता, कांदा भिजतो तेरा-चौदा एकर. हरभरा पंचाहत्तर.

कोणीतरी विचारलं, टँकरमध्ये सांग. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक एकर कांद्याला दोनशेच्या वर टँकर. हे वाक्य गावात राहिलं. कॅन घेऊन उशिरा आलेल्यांना आधी आलेले तेच सांगत होते.

अपेक्षित प्रश्न आलाच. "हरभऱ्यावर पोराची फी भरता येती का?" एका तरुण शेतकऱ्याने चिडून विचारलं. त्याचं कर्ज कांद्याच्या भरवशावर आहे. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण ते देण्याचा अधिकार मला नाही. सरपंचताईंनी त्याला विचारलं, "तुझ्या विहिरीला मार्चमध्ये पाणी किती राहतं?" त्याने सांगितलं, अर्धा तास मोटर चालते. "मग कांदा पोसायचा कशावर?" तो गप्प बसला. त्याची अडचण मात्र संपलेली नाही. पाण्याचा ताळेबंद पैशाच्या ताळेबंदाशेजारी ठेवल्याशिवाय तो शेतकऱ्याचा होत नाही, हे मला आज पटलं. पुढच्या वेळी फळ्यावर दोन रकाने हवेत.

मोजणीबद्दल एक नोंद. पर्जन्यमापक महसूल मंडळाला एक असतो. तिथे पडलेला पाऊस इथे पडतोच असं नाही, आणि विम्यापासून दुष्काळापर्यंत सगळं त्या आकड्यावर चालतं. गावाने स्वतःचा पर्जन्यमापक बसवायचा ठराव मांडला. निरीक्षणासाठी विहिरी निवडल्या: माथ्यावरच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या. दोरीला गाठी मारून पाणीपातळी मोजायची, महिन्याच्या एकाच तारखेला, मोटर बंद असताना. वही मुलीकडे आणि दूध केंद्राच्या मापाड्याकडे राहणार.

आजोबा शेवटपर्यंत बसले होते. उठताना त्यांनी वही उघडून पाहिली आणि म्हणाले, "ही हितंच ऱ्हाऊ द्या." राहणारच आहे.

26 जानेवारी 2024

ग्रामसभा. काल महिला सभा झाली. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर होते, इथे ती खरोखर झाली. टँकरच्या वेळेचा आणि टाक्यांचा ठराव तिथून आला.

गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून पहिली सभा मुद्दाम फसू देण्याची सवय कित्येक ठिकाणी लागली आहे. आज आवार भरलेलं होतं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनीच म्हटलं की सह्यांना आज दुसरं रजिस्टर लागेल.

टाक्यांचा ठराव एकमताने. पर्जन्यमापकाचाही. खर्च वित्त आयोगाच्या कोणत्या रकान्यात टाकायचा यावर भाऊसाहेबांनी वेळ घेतला. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठीच्या बंधित निधीतून टाक्या बसतात, एवढं नक्की झालं.

बोअरचा विषय पेटला. या उन्हाळ्यात शेतीसाठी नवीन बोअर नको, असा प्रस्ताव होता. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर धरलंय आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंदी आहे. पण इथे कायद्याचा धाक दाखवायचा नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. ज्यांचे बोअर आधीच आहेत ते प्रस्तावाच्या बाजूने, ज्यांचे नाहीत ते विरोधात. हा विरोध समजण्यासारखा आहे: तुम्ही आधी उपसलं, आता दार लावता? कोणीतरी हात वर करून मत घ्या म्हणालं. मत घेतलं असतं तर प्रस्ताव बहुमताने मंजूर झाला असता आणि महिन्याभरात रात्रीची बोअरची गाडी आली असती. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीची वाट धरली ती या कारणासाठीच. तिथे सगळ्यांना पटेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा घेतात, वेळ लागला तरी. सरपंचताईंनी विषय राखून ठेवला. मला ते फार आवडलं, कारण मंजूर ठराव दाखवायचा मोह त्यांनाही होताच.

आदिवासी वस्तीच्या पाण्याचं मात्र आज ठरलं. बागायतदार दादांनी स्वतः सांगितलं की सकाळी सहा ते सात मोटर वस्तीसाठी चालेल. वस्तीवरच्या एका मावशींनी उठून विचारलं, "आन तुम्ही गावी गेल्यावर?" चावीचं काय करायचं ते तिथल्या तिथे ठरलं: एक चावी वस्तीवर.

18 मार्च 2024

शनिवारपासून लोकसभेची आचारसंहिता. नवीन कामांना मंजुरी नाही. गाळाचा जुना बांध मोकळा करायचं काम मंजुरीअभावी अडकलं, म्हणून श्रमदान करू असं तरुणांनी ठरवलं. काल रात्री त्यावर बैठक झाली, आणि या सगळ्या कामातली मला सर्वात मोलाची वाटलेली चर्चा तिथे झाली.

श्रमदानाला आपल्याकडे मोठा मान आहे. इंडो-जर्मन कार्यक्रमात गाव निवडण्याआधी चार दिवसांचं श्रमदान मागत, गावाची तयारी तपासायला. त्यानंतरच्या पाणी-मोहिमांनीही श्रमदानाला उत्सवाचं रूप दिलं. काल वस्तीवरच्या मावशी म्हणाल्या, "बांधाचं पाणी ज्याच्या विहिरीला उतरतं त्याला वावर हाय. गाळ बी त्याच्याच वावरात जाणार. आम्हाला वावर न्हाई. आम्ही कशाचं दान करायचं?"

कोणी त्यांना खोडून काढलं नाही. जे बोलायला उठले त्यांनीही आधी "बरोबर आहे" म्हटलं. भूमिहीनाचा एक दिवस म्हणजे त्या दिवसाची चूल. सहभागाच्या नावाखाली त्याच्याकडून फुकट काम काढून ते जमीनवाल्याच्या जमिनीत घालणं हा अन्याय आहे, गावकीच्या प्रेमाचं कितीही सुंदर वेष्टन त्याला दिलं तरी. हे मी इतक्या स्पष्टपणे आधी कुठल्या नोंदीत लिहिलं नव्हतं, आता लिहून ठेवतो.

ठरलं ते असं. बांधाखालच्या विहीरवाल्यांनी जमिनीच्या प्रमाणात दिवस द्यायचे, नाही तर त्या दिवसांची मजुरी. भूमिहीन घरांवर सक्ती नाही. जी येतील त्यांना त्या जमा झालेल्या पैशातून मजुरी. गाळातला काही वाटा वस्तीच्या परसबागांना. आणि रोजगार हमीच्या कामाची मागणी नमुना भरून आजच द्यायची, ती आचारसंहितेत अडत नाही.

6 मे 2024

परवा निर्यातबंदी उठली, किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. ज्यांनी आधी विकला त्यांना उपयोग नाही.

निरीक्षणाच्या विहिरींपैकी माथ्यावरची कोरडी. मधलीत तळाला पाणी. ओढ्याकाठची टिकून आहे. वही नियमित भरली जातेय. टाक्यांवर संध्याकाळी पाणी वाटप चालू. एका टाकीची तोटी फुटली होती, ती महिला सभेने वर्गणीतून बसवली. वस्तीची चावी दोनदा परत मागितली गेली आणि दोन्ही वेळा दिली गेली नाही.

30 जून 2024

पर्जन्यमापक शाळेच्या आवारात बसला. झाडापासून आणि भिंतीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला सहावी-सातवीची मुलं मोजतात आणि आकडा दूध केंद्राच्या फळ्यावर लिहितात. मंडळाचा आकडाही शेजारी लिहायला सुरुवात केली आहे. या महिन्यात दोन्हींत फरक पडलेले दिवस बरेच आहेत. पीकविम्याच्या तक्रारीला ही वही कायदेशीर पुरावा ठरणार नाही, हे लोकांना स्पष्ट सांगितलं. तरी प्रश्न विचारायला आता आधार आहे.

2 ऑक्टोबर 2024

ग्रामसभा. या वेळी ताळेबंद पेरणीआधी झाला आणि तो गावाने मांडला. आम्ही मागे बसलो होतो. पाऊस यंदा चांगला, बांध भरलेला, विहिरी वर आहेत. चांगल्या पावसाचं वर्ष ही या पद्धतीची खरी परीक्षा, कारण भरलेली विहीर दिसली की हिशेबाची गरज कोणाला वाटत नाही. काही जण तसं म्हणालेही.

फळ्यावर दोन रकाने होते, पाणी आणि पैसा. कांद्याचं क्षेत्र किती ठेवायचं यावर गाव एकमत झालेलं नाही. विहीरवाल्यांनी आपापला आकडा सभेत उभं राहून सांगितला आणि तो वहीत लिहिला गेला. फेब्रुवारीत तो जागेवर जाऊन तपासायचा, तपासणाऱ्यांत वस्तीवरच्या दोघी आहेत.

बोअरचा विषय पुन्हा आला, पुन्हा राखून ठेवला. मात्र बोअर नसलेल्यांनी या वेळी स्वतःचा प्रस्ताव आणला: नवीन बोअर घ्यायचाच असेल तर तीन-चार जणांनी मिळून सामाईक, आणि त्यावर ठिबक सक्तीचं. बोअर असलेले त्यावर विचार करून सांगणार आहेत. पुढची बैठक दूध केंद्रावर, कोजागरीनंतर, संध्याकाळच्या दुधाला. विहिरींच्या मोजणीची तारीख नेहमीचीच.